साडेसातशे मिलिमीटरचं दार

२ मार्च, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून या घरात फूट, इंच आणि त्यांची सगळी पिलावळ बंद. निर्णय पक्का. तसूभरही मागे हटणार नाही.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. काल दादाचा फोन आला. आई आमच्याकडे राहायला यायचं म्हणते आहे. स्वतःहून, अकरा वर्षांत पहिल्यांदा. कमरेचं हाड मोडल्यापासून चार महिने ती दादाकडे चाकांच्या खुर्चीत आहे. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, पण ती त्यासाठी येत नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. तीच म्हणाली म्हणे, धाकट्याकडे राहून बघते. 'बघते' म्हणजे काय ते मला बरोबर कळतं. आईच्या मते माझ्या हातून आजवर एक काम धड झालेलं नाही. आता होईल आणि तिच्या डोळ्यांदेखत होईल.

३० तारखेला येणार. मागची अडगळीची खोली तिच्यासाठी तयार करायची. तिचं दार अरुंद आहे, ते काढून मोठं बसवायचं. ही म्हणाली, त्यापेक्षा आपली पुढची खोली द्या त्यांना, दार रुंद आहे, बाथरूम आतच आहे. सूचना ऐकून घेतली आणि फेटाळली. पुढच्या खोलीत माझं टेबल आहे. माझा पलंग आहे. भिंतीवर माझी स्टीलची एक मीटर पट्टी आहे. शिवाय मला जागा बदलली की झोप येत नाही.

बरं, मग मागे अडीच फुटी दार करून घ्या, ही म्हणाली. तिथे माझं डोकं फिरलं.

एकतीस वर्षं मी पाइप-फिटिंगच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल केलं. एकतीस वर्षं मेमो पाठवले की अर्धा इंची म्हणू नका, १५ एमएम म्हणा. एका माणसाने ऐकलं नाही. रिटायर झालो तेव्हा मॅनेजरने ती स्टीलची पट्टी दिली आणि भाषणात काय म्हणाला, तर यांना आम्ही ही तीन फुटी पट्टी भेट देत आहोत. माझ्या निरोपसमारंभात. मी हसून घेतली. काय करणार, पायलीचे पन्नास असले मॅनेजर.

घरात मात्र हे चालणार नाही.

३ मार्च. सकाळी ९

फ्रिजवर नोटीस लावली. या घरात लांबी मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये, तापमान सेल्सिअसमध्ये. हिने वाचली. आपला टीव्ही मग किती इंची, असं विचारलं. १०९२ मिलिमीटर, म्हणालो. रिमोट किती अंतरावर ठेवलाय तेही सांगा, म्हणाली, मघापासून सापडत नाहीये. उपहास. दुर्लक्ष केलं.

४ मार्च

स्वयंपाकघरात डिजिटल काटा आणून ठेवला. चिमूटभर, मूठभर, अंदाजे हे शब्द बंद.

रात्रीच्या जेवणात मला दोनशे ग्रॅम भात मिळाला. आणखी मागितला. ही म्हणाली, माप संपलं.

५ मार्च

काटा माळ्यावर ठेवला. बॅटरीचा अपव्यय होत होता. स्वयंपाकघर हे माझं क्षेत्र नाही, हे मी नेहमीच मानत आलो आहे.

६ मार्च. दुपारी ४

ताप. ३८.५. अंग नुसतं मोडून निघालंय. हिला आकडा सांगितला. ती म्हणाली, अडतीस म्हणजे कमीच की, उठा आणि दूध तापवा.

दुपारी दादाचा फोन आला. आई शेजारीच बसली होती. साडेअडतीस ताप आहे असं त्याने तिला सांगितलं. तिने तिकडून विचारलं, इतका गार कसा पडला हा. आणि ती वहिनीशी दुसरंच काहीतरी बोलायला लागली.

शेवटी, निव्वळ वैद्यकीय कारणासाठी, एकशे एक म्हणून सांगितलं. आईने लगेच फोन स्वतःकडे घेतला. पाच मिनिटं विचारपूस केली, कपाळावर पट्ट्या ठेव म्हणाली. हिनेही नंतर चहा आणून दिला. अपवाद म्हणून नोंद करतो. असल्या लोकांकडून सहानुभूती हवी असेल तर त्यांच्याच भाषेत आजारी पडावं लागतं.

९ मार्च, रविवार. सकाळी ११.३०

सुतारमिस्त्री आला. या घराची सगळी दारं त्याच्या बापाने केलेली आहेत आणि सगळी फुटाइंचात. याच्याकडेही इंचाचाच टेप, आकडे झिजून गेलेले. कानावर पेन्सिल. अडगळीच्या खोलीसमोर उभा राहिला, हवेतच दोन हात लांब केले आणि म्हणाला, अडीच फुटी आरामात बसेल. टेप बाहेरसुद्धा काढला नाही. मग चहा येईपर्यंत भिंतीवर बोट फिरवत इकडे दोन सूत, तिकडे चार सूत असं चाललं होतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माणूस चंद्रावर जाऊन परत आला आणि हा गृहस्थ अजून सुतात बोलतोय.

मी त्याचा टेप काढून घेतला आणि माझा दिला. त्यावर फक्त मिलिमीटर आहेत. त्याला सावकाश समजावून सांगितलं की अडीच फूट म्हणजे ७६२. आपण राउंड फिगर ७५० धरू, बारा मिलिमीटरने कुणाचं अडत नाही. कागदावर ठळक लिहिलं: दार, रुंदी ७५० मिमी. खाली त्याची सही घेतली. या घरात पहिलं प्रोफेशनल काम आज झालं.

निघताना त्याने चपला घालता घालता विचारलं, आतून की बाहेरून.

इथेच ही माणसं मागे राहतात. साडेसातशे म्हणजे साडेसातशे. त्यात आतून काय आणि बाहेरून काय. त्याला दारात उभं करून पंधरा मिनिटं सांगितलं की मिलिमीटर सगळ्या जगात एकच असतो, आत गेला म्हणून लहान होत नाही. तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, ठीक आहे साहेब, कागदावर आहे तसं करतो. मी म्हटलं, कागदावर आहे तसंच पाहिजे.

त्याचा टेप परत द्यायचा राहिला. नाही म्हणायला, त्याच्या दुसऱ्या खिशातून तसलाच एक टेप डोकावत होता.

१२ मार्च

शिंप्याकडे गेलो. आई येईल तेव्हा नवी पँट असावी. त्याला कंबर ९१ सेंटीमीटर सांगितली. वीस वर्षं माझी कंबर छत्तीस आहे. तरी त्याने पट्टी लावलीच. १०२ निघाले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती आणि त्याने आकडा मोठ्याने वाचला.

कपडे या नियमातून वगळत आहे. माणूस म्हणजे पाइप नव्हे. त्याला चाळीस लिहायला सांगितलं.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी ६

ही दादाकडे आईला भेटून आली. येताना एक नाडी घेऊन आली. नीट पाहिलं तर माझ्या पायजम्याची. तिच्यावर दोन गाठी मारलेल्या. पहिली गाठ खुर्चीच्या चाकांची रुंदी, दुसरी गाठ आई स्वतः चाकं फिरवते तेव्हा तिची कोपरं जिथवर येतात तिथवर. आईनेच सुचवलं म्हणे. दोघी मिळून अर्धा तास गाठी मारत बसल्या होत्या आणि खूप हसल्या.

विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकात माझी बायको आणि माझी आई नाडीने मोजमाप करतात. आणि पायजमा तसाच पडलाय, वापरता येत नाही.

मी त्याच वेळी दादाला फोन लावला आणि खुर्चीची रुंदी शास्त्रीय पद्धतीने विचारली. सव्वीस इंच, म्हणाला. सेंटीमीटर सांग, म्हटलं. तो पट्टी शोधायला गेला, बराच वेळ गेला, मग वहिनीने सांगितलं, सहासष्ट. दार पंचाहत्तर, खुर्ची सहासष्ट. नऊ सेंटीमीटर शिल्लक. इतक्या मोकळ्या जागेतून आई नुसती जाणार नाही, वळूनही बघेल.

हिला हे गणित समजावलं. तिने नाडीची घडी करून पर्समध्ये ठेवली.

२० मार्च. दुपारी १

चौकट आली आणि बसली. दार अजून लागायचंय. मिस्त्रीने कागद खिशातून काढून माझ्यासमोर धरला, मी पट्टी लावली. चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, बाहेरून बाहेर, बरोब्बर ७५०. ना एक जास्त, ना एक कमी. एकतीस वर्षांत कारखान्यात असा पीस हातात आला नव्हता. मिस्त्रीला म्हटलं, बघ, जमतं की नाही. तो म्हणाला, जमायला काय साहेब, सांगाल तसं जमतं.

तो गेल्यावर हिने नाडी काढली आणि चौकटीच्या आत धरली. गाठ लाकडावर आली. खुर्ची जाणार नाही, म्हणाली. किती मिलिमीटरने जाणार नाही, असं विचारलं. तिला सांगता आलं नाही. तिथेच विषय संपला. नाडी ताणते, स्टील ताणत नाही, एवढं सांगून मी आत आलो.

मग ती बराच वेळ पुढच्या खोलीत होती. माझ्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करत होती. आजकाल तिला साफसफाईची फार हौस आली आहे. नाडी तिने दारामागच्या खिळ्याला टांगली आहे.

२५ मार्च

दार लागलं. उघडतं आणि बंद होतं, आवाज नाही. खोलीला पांढरा रंग दिला. आईचा पलंग आत ठेवला, खिडकीचा खटका दुरुस्त केला. हे सगळं मी केलं. मिस्त्री फक्त हजर होता.

शेजारच्या रिटायर्ड ड्रायव्हरला बोलावून दाखवलं. त्याने दारात उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवले. कोपरं दोन्ही बाजूंना टेकली. जरा अडचण वाटते का, म्हणाला. तुमची तब्येत, म्हटलं.

२७ मार्च

हिने पुढच्या खोलीचे पडदे धुतले. माझ्या पलंगाजवळ आधाराला धरायचा एक दांडा भिंतीत बसवून घेतला. मिस्त्रीकडून, मला न विचारता. विचारलं तर म्हणाली, उतारवयात लागतो. मी साठ वर्षांचा आहे. माझ्या प्रकृतीची तिला काळजी आहे हे बरं वाटलं, पण जरा अतिरेक आहे.

२९ मार्च. संध्याकाळी ५

उद्या आई येणार. सगळं तयार. तिला आत नेताना काय बोलायचं ते ठरवलं आहे. फार नाही, दोन वाक्यं. दार मी मापून करून घेतलं आहे, आई. मग थोडं थांबायचं. तुला कुठे अडायला होणार नाही.

दुसऱ्या वाक्याला चष्मा काढून पुसावा लागतो. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा पुसला.

३० मार्च, रविवार. दुपारी ३.४५

शक्य तितकं वस्तुनिष्ठ लिहितो.

अकराला गाडी आली. दादा, वहिनी, आई. आई वाळली आहे. मला बघून म्हणाली, ताप उतरला का रे. खुर्ची मी स्वतः ढकलत घेतली, कुणाला हात लावू दिला नाही. हॉलमधून मागच्या खोलीच्या दारापाशी आलो. थांबलो. पहिलं वाक्य म्हणालो. आईने वर बघितलं. दुसरं वाक्य म्हणत ढकलली.

दोन्ही चाकं चौकटीला अडली.

मागे घेऊन परत ढकलली. मग थोडी तिरकी. मग दादाने एका बाजूने दाबून बघितली, तसं आई म्हणाली, मला दाबू नका, मी काही उशी नाहीये. नव्या रंगावर चाकाचे दोन काळे ओरखडे उठले. आईने कोपरं पोटाशी घेऊन अंग चोरून धरलं होतं. ते मला बघवेना. मी ढकलायचं थांबलो.

आईने विचारलं, मापलं होतंस ना. मी हो म्हणालो.

हिने मिस्त्रीला फोन केला. तो दहा मिनिटांत आला, जवळच राहतो. मी दिलेला टेप काढला आणि चौकटीच्या आत लावला. ६२३, म्हणाला, माझ्यासाठी मिलिमीटरमध्ये. दोन्ही बाजूंचं लाकूड अडीच अडीच इंच, ते साडेसातशेतून गेलं. मी म्हटलं, अरे, पण दार साडेसातशेचं सांगितलं होतं. तो म्हणाला, साहेब, तुम्ही अडीच फुटी म्हणाला असता तर मी आतूनच धरलं असतं. आमच्यात फुटी म्हटलं की आतून मोकळं तेवढं, हे माझ्या बापापासून आहे. मिलिमीटरला काय रिवाज आहे ते मला माहीत नाही, म्हणून तर विचारलं होतं. आणि खिशातून कागद काढला. तीन आठवडे त्याने तो घडी घालून जपून ठेवला होता. अक्षर माझंच. दार, रुंदी ७५० मिमी. आतून की बाहेरून, काही लिहिलेलं नाही.

त्या वेळी कुणी तरी हसलं असतं तर बरं झालं असतं.

मग दादा हळूच म्हणाला, असू दे, दार होईपर्यंत मी आईला परत घेऊन जातो, ऑपरेशन पुढे ढकलू. त्याने गाडीची किल्ली काढली. वहिनी पिशवी उचलायला वाकली. आई माझ्याकडे बघत होती. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे पीस रिजेक्ट केले. आज दादाने किल्ली हातात घेतली तेव्हा मला वाटलं, हा शिक्का आता माझ्यावर बसतोय.

हिने खिळ्यावरून नाडी काढली. पुढच्या खोलीच्या दारात आडवी धरली. दोन्ही गाठी आत, वर दोन बोटं जागा. दादाला म्हणाली, भाऊजी, किल्ली ठेवा. आणि खुर्ची न थांबता आत घेऊन गेली.

आत माझ्या पलंगावर नवी चादर होती. उशाला आईला लागेल तसा दांडा. कपाटातला खालचा कप्पा रिकामा. ही सगळी तयारी तिने कधी केली ते मला कळलंच नाही. आता ही वही मागे चाळली तर २० तारखेपासून सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

३१ मार्च. सकाळी ८.२०

मागच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपलो. आईचा जो पलंग इथे होता तो काल तिच्यासाठी पुढे नेला, सुटा करता येतो म्हणून दारातून गेला. त्याच्या बदल्यात माझा इकडे आणायचा होता. तो पेटीचा आहे, आडवा करूनही चौकटीत वळेना. टेबलही जात नाही. ही वही मांडीवर घेऊन लिहितोय. ही आईच्या सोबतीला पुढच्या खोलीतच आहे. पहाटेपासून दोघींच्या गप्पा इथवर ऐकू येताहेत.

चहा घेऊन गेलो. आईच्या हातात माझी मीटर पट्टी होती. भिंतीवरून हिनेच काढून दिली. आईला पलंगावरून पंख्याचं बटण लांब पडतं, पट्टीने बरोब्बर पोचतं. दोनदा दाबून दाखवलं. चांगली आहे, म्हणाली, बरोबर दोन हात आहे, राहू दे माझ्याकडे.

मग विचारलं, दार किती कमी पडलं रे काल. सदतीस मिलिमीटर, म्हणालो. म्हणजे किती, म्हणाली. मी चहाचा कप खाली ठेवला आणि दोन बोटं दाखवली.

लहानपणापासून तेवढाच कमी पडतोस, म्हणाली, आणि हसायला लागली. इतकी हसली की तिला कमरेला हात धरावा लागला. चार महिन्यांत अशी हसली नव्हती, असं ही म्हणते. मीसुद्धा हसलो. राग आला होता, तरी हसलो.

नंतर मिस्त्रीला फोन केला. मागच्या खोलीची चौकट काढून दुसरी कर, अडीच फुटी, म्हटलं. आतून की बाहेरून ते त्याने विचारलं नाही. एवढंच विचारलं, की आजी तर पुढे रमल्या, मग आता हे दार कुणासाठी.

माझा पलंग आत यायचाय, म्हणालो.